ओतीव गाडीचे परीक्षण : डाय-कास्ट स्पोर्ट्स कार ते दायमाबादचा रथ

🧵 थ्रेड

१/
एकास अठरा या प्रमाणात घडवलेली डाय-कास्ट स्पोर्ट्स कार साधारण वीतभर लांब असते. यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातील ढाणकीसारख्या गावातही ती आता कुरियरने घरपोच येते. खोके उघडले की जाणता संग्राहक ती लगेच जमिनीवर पळवत नाही. तो आधी तिचे वजन हाताला जोखतो, मग दारांच्या फटी पाहतो, चाके फिरवतो, रंग उजेडात धरतो आणि शेवटी गाडी उलटी करून तिचा तळ वाचतो. खोके मात्र तो फेकत नाही. या थ्रेडमध्ये हीच परीक्षा महाराष्ट्रात सापडलेल्या सर्वांत विलक्षण ओतीव वाहनाला लावून पाहू.

२/
ते वाहन म्हणजे दायमाबादचा रथ. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात प्रवरा नदीच्या डाव्या तीरावर दायमाबाद आहे. १९७४ साली तेथील एका स्थानिक भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना जमिनीखाली धातूच्या चार वस्तू लागल्या : दोन बैलांचा रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा. चौघांचे मिळून वजन ६० किलोंहून अधिक. १९५८ मध्ये बो. पु. बोपर्डीकर यांनी हे स्थळ उजेडात आणले होते. पण त्याचे नाव सर्वतोमुखी झाले ते या चार वस्तूंमुळे.

३/
परीक्षणाआधी 'डाय-कास्ट' हा शब्द समजून घेतला पाहिजे. 'डाय' म्हणजे पोलादी साचा. तो दोन वा अधिक भागांचा असतो. भाग घट्ट मिटले की वितळलेला धातू प्रचंड दाबाने आत ढकलला जातो. काही क्षणांत तो घट्ट होतो, साचा उघडतो, लहान दांडे ओतीव भाग बाहेर लोटतात आणि पुढच्या नगासाठी साचा पुन्हा मिटतो. हा धातू बहुधा जस्ताचा मिश्रधातू असतो. त्यात सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम असते आणि तो ४०० अंश सेल्सिअसच्या आतच वितळतो. त्यामुळे पोलादी साच्याला इजा न होता एकाच साच्यातून हजारो नग निघतात.

४/
या सोयीवर विसाव्या शतकातला खेळण्यांचा मोठा व्यवसाय उभा राहिला. इंग्लंडच्या मेकॅनो कंपनीने १९३४ पासून 'डिंकी' हे नाव वापरले. लेस्ने कंपनीच्या 'मॅचबॉक्स' गाड्या १९५३ मध्ये आल्या. काड्यापेटीत मावेल एवढेच खेळणे आणायला परवानगी असलेल्या शाळेतील मुलीसाठी तिच्या वडिलांनी, म्हणजे जॅक ओडेल यांनी, छोटे वाहन घडवले आणि त्यातून ही कल्पना निघाली, असे सांगतात. १९६८ मध्ये अमेरिकेच्या मॅटेल कंपनीने 'हॉट व्हील्स' आणल्या. त्यांची ओळख होती सहज गरगरणारी चाके आणि झगझगीत रंग.

५/
भारतालाही या इतिहासात एक लहान पण बोलके प्रकरण आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस डिंकीचे काही वापरलेले साचे कलकत्त्याला आले आणि त्यांतून 'निकी टॉइज' या नावाने गाड्या ओतल्या गेल्या. साचा तोच, वळणे तीच, पण धातू, रंग आणि तळावरचे नाव वेगळे. वरून पाहणाऱ्याला दोन्ही गाड्या जुळ्या वाटतील. तळ वाचणाऱ्याला त्यांतला फरक कळेल. म्हणूनच जुने संग्राहक गाडीचा तळ दस्तऐवजासारखा वाचतात.

६/
पहिली कसोटी : ओतकाम.
डाय-कास्ट गाडीच्या अंगावर साच्याच्या दोन भागांची जोडरेषा कुठे ना कुठे असतेच. चांगला कारागीर ती दाराच्या कडेला किंवा बंपरच्या घडीत लपवतो. हलक्या कामात ती थेट छतावरून धावते. जाळीचे गज, आरशाची दांडी, नळकांड्याचे तोंड यांसारख्या नाजूक जागी धातू पोचला की नाही, हेही पाहायचे. तो पोचला नसेल तर कडा बोथट राहतात. कडा धारदार दिसल्या तर साचा नवा आणि दाब योग्य होता, असे समजावे.

७/
दायमाबादच्या वस्तूंचे ओतकाम वेगळ्या जातीचे. त्या भरीव आहेत, आतून पोकळ नाहीत. अशा वस्तू मेणाच्या पद्धतीने घडवल्या असाव्यात, असे सामान्यतः मानले जाते. आधी मेणाची आकृती करायची. तिच्यावर मातीचे थर लिंपून तो गोळा तापवायचा. मेण वितळून वाहून जाते आणि आत नेमकी त्याच्या आकाराची पोकळी उरते. तिच्यात तांब्याचा रस ओतायचा. निवल्यावर मातीचा साचा फोडायचा. म्हणजे एका साच्यातून एकच वस्तू. दुसरी हवी असेल तर मेणापासून पुन्हा सुरुवात.

८/
आपल्या परंपरेत या पद्धतीला 'मधूच्छिष्ट विधान' असे सुंदर नाव आहे. मध काढून घेतल्यावर पोळ्यात जे उष्टे उरते ते मधूच्छिष्ट, अर्थात मेण. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात हे विधान वर्णिलेले आहे. ढाणकीकडून पाहिले तर ही विद्या फार दूरची नाही. उमरखेड तालुक्याच्या दक्षिणेने वाहणारी पैनगंगा पुढे आदिलाबादच्या सीमेवरून जाते. त्या आदिलाबाद परिसरात वोज समाजाचे कारागीर आजही मेणाच्या पद्धतीने पितळी मूर्ती ओततात. 'आदिलाबाद डोकरा' या नावाने त्यांच्या कलेला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

९/
दुसरी कसोटी : प्रमाण.
स्पोर्ट्स कारच्या प्रतिकृतीत प्रमाण चुकले की सगळेच चुकते. चाक किंचित मोठे झाले तर गाडी खेळण्यासारखी दिसते. छत जरासे उंच झाले तर तिची झेप हरवते. दायमाबादचा रथ सुमारे ४५ सेंटिमीटर लांब आणि १६ सेंटिमीटर रुंद आहे. त्यात उभा असलेला सारथी सुमारे १६ सेंटिमीटर उंच. साडेपाच फुटांचा माणूस १६ सेंटिमीटरांत बसवायचा तर प्रमाण साधारण एकास दहा पडते. मग ४५ सेंटिमीटरांची लांबी प्रत्यक्षात साडेचार मीटर होईल. बैलजोडीसह हलक्या वाहनाला हे माप अशक्य मुळीच नाही.

१०/
हा हिशेब गमतीचा आहे, पण त्याला मर्यादा आहे. रथाचे बैल मुद्दाम लांबवलेले, सडपातळ अंगाचे आहेत. मोजपट्टीपेक्षा कारागिराच्या डोळ्याला भावलेली रेषा तिथे वरचढ ठरली आहे. आधुनिक स्पोर्ट्स कारचा रेखाटनकारही कागदावर गाडी प्रत्यक्षाहून लांब आणि बुटकी काढतो, कारण वेग लांबीतून दिसतो. दायमाबादच्या कारागिराचा हेतू तोच होता, असे म्हणता येणार नाही. मात्र त्या बैलांकडे पाहताना नजर मागून पुढे धावते, हा अनुभव कोणालाही येईल.

११/
तिसरी कसोटी : चाके आणि आस.
येथे दायमाबादचा संच खरा खुलतो. रथाला दोन भरीव चाके आहेत. त्यांना आरे नाहीत. सुमारे ३१ सेंटिमीटर उंचीचा रेडा चार पायांच्या चौथऱ्यावर उभा असून त्या चौथऱ्याला चार चाके आहेत. गेंडा दोन आडव्या दांड्यांवर उभा आहे आणि प्रत्येक दांडी दोन चाकांच्या आसाला जोडलेली आहे. हत्तीचाही चौथरा आहे, पण त्याची चाके आणि आस सापडलेले नाहीत. संग्राहकांच्या भाषेत, संचातला एक नग अपुरा आहे.

१२/
चाकांवरच्या प्राण्यांची ही कल्पना विदर्भाला परकी नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. मुले चाके लावलेला लाकडी नंदी दोरीने ओढत घरोघर नेतात आणि त्याची पूजा होऊन बोजारा मिळतो. या प्रथेचा आरंभ नागपूरकर भोसल्यांच्या काळाशी जोडला जातो. तान्ह्या पोळ्यातला नंदी खेळणे की दैवत, या प्रश्नाचे उत्तर 'दोन्ही' असेच द्यावे लागते. दायमाबादच्या वस्तूंबाबतही अभ्यासकांना असाच प्रश्न पडला. ६० किलोंचे भरीव धातुकाम मुलांच्या हातचे खेळणे नव्हे. कोणत्या तरी विधीत किंवा मिरवणुकीत त्या ओढल्या जात असाव्यात, असे मत त्यातूनच पुढे आले.

१३/
चौथी कसोटी : बारकावे.
महागड्या प्रतिकृतीत आसनांची शिवण आणि इंजिनाच्या तारासुद्धा दिसतात. रथाच्या बारकाव्यांत सर्वांत जिव्हाळ्याचा आहे तो कुत्रा. सारथ्यापुढे, रथाच्या दांडीवर, एक कुत्रा उभा आहे. रथ ओढायला त्याचा उपयोग नाही. तो वगळला असता तर मेणही वाचले असते आणि धातूही. तरीही कारागिराने तो घडवला. बैलगाडीच्या आगेमागे चालणारे कुत्रे ज्याने पाहिले आहे, त्याला हा तपशील समजावून सांगावा लागत नाही.

१४/
सारथी उभा आहे, बैल दोनच आहेत, ओझे ठेवायला जागा नाही. विदर्भातल्या वाचकाला यावरून लगेच शंकरपट आठवेल : हलका छकडा, निवडक जोडी आणि एकटा धुरकरी. आपल्या मातीतली स्पोर्ट्स कार हीच. ७ मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या शर्यती थांबल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्राला त्या भरवण्याची अनुमती मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा सुधारित कायदा वैध ठरवला. पण दायमाबादचा रथ शर्यतीचा होता, असे सांगणारा कोणताही पुरावा नाही. साम्य दिसले की नाते जोडण्याचा मोह होतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तो तिथेच आवरावा.

१५/
पाचवी कसोटी : धातू.
१९३० च्या दशकातील अनेक डाय-कास्ट गाड्या आज कपाटातल्या कपाटात चिरा पडून भुगा होतात. जस्तात शिशाचा अगदी अल्प अंश मिसळला गेला तरी धातू आतून पोखरला जातो. म्हणजे धातूची रासायनिक घडण वस्तूचे आयुष्य ठरवते. कधी कधी ती वस्तूचे वयही सांगू पाहते. दायमाबादच्या वस्तूंच्या विश्लेषणात एक टक्क्याहून अधिक आर्सेनिक आढळले. तांब्यात आर्सेनिक मिसळले की धातू अधिक कठीण होतो आणि ओतकामही सुकर होते. वादाचे मूळ याच एका टक्क्यात आहे.

१६/
म. न. देशपांडे, शि. रं. राव आणि शां. अ. साळी या तिघांनी दायमाबादला वेगवेगळ्या वर्षी उत्खनन केले : देशपांडे यांनी १९५८-५९ मध्ये, राव यांनी १९७४-७५ मध्ये आणि साळी यांनी १९७५-७६ ते १९७८-७९ या काळात. परिस्थितीजन्य पुराव्यावरून तिघांनीही या वस्तू उत्तर हडप्पा काळातल्या मानल्या. तसे असेल तर त्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या ठरतात. दायमाबादमध्ये उत्तर हडप्पा वस्तीचा थर आहेच, आणि मोहेंजोदडोच्या सुप्रसिद्ध 'पशुपती' मुद्रेवरही हत्ती, गेंडा व रेडा हेच प्राणी दिसतात.

१७/
डी. पी. अगरवाल यांनी मात्र शंका घेतली. भारतातील इतर ताम्रपाषाणयुगीन वस्तूंमध्ये आर्सेनिकचे असे मिश्रण आढळत नाही. मग या वस्तू बऱ्याच पुढच्या, ऐतिहासिक काळातल्या कशावरून नसतील? प्रश्न साधा आहे आणि जड आहे. उत्तर एका बाजूने लागले तर दख्खनमध्ये चार हजार वर्षांपूर्वी अव्वल दर्जाचे ओतकाम पोचले होते, असे म्हणता येते. दुसऱ्या बाजूने लागले तर पाठ्यपुस्तकातील एक पान नव्याने लिहावे लागते.

१८/
सहावी कसोटी : खोके.
खरा तिढा इथे आहे. संग्राहक खोके जपतो, कारण गाडीचा क्रमांक, साल आणि आवृत्ती त्यावर छापलेली असते. पुरातत्त्वात जमिनीचा थर हेच खोके. वस्तू कोणत्या थरात होती, तिच्याशेजारी कोणते खापर, कोणता कोळसा होता, यावरून तिचे वय ठरते. कोळशाचे वय कार्बन-१४ पद्धतीने काढता येते. ओतीव तांब्याचे तसे काढता येत नाही. दायमाबादच्या चार वस्तू शास्त्रीय उत्खननात, थरांची नोंद होत असताना बाहेर आल्या असत्या, तर पन्नास वर्षांचा हा वाद कदाचित उभाच राहिला नसता.

१९/
यात त्या शेतकऱ्याचा दोष शोधणे अन्यायाचे होईल. तो मूळ खणत होता, इतिहास नव्हे. उलट ६० किलोंचा तो धातू मोडीच्या तराजूवर गेला नाही, वितळला नाही, हेच महाराष्ट्राचे भाग्य. आज या वस्तू मुंबई व दिल्लीच्या संग्रहालयांत जपलेल्या आहेत. त्यांची घडण आपल्याला काचेतून दिसते. त्यांचा थर मात्र कोणत्याच काचेआड ठेवता आला नाही.

२०/
हा प्रश्न १९७४ मध्ये संपलेला नाही. यवतमाळ जिल्ह्याच्याच बाभुळगाव तालुक्यात पाचखेड येथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने २०२३-२४ मध्ये उत्खनन केले आणि लोहयुगीन वस्तीचे अवशेष उजेडात आणले. जिल्ह्यातील अशी कितीतरी पांढरीची टेकाडे नांगराखाली आणि जेसीबीच्या दातांखाली आहेत. विहीर खणताना, शेत सपाट करताना काही ना काही वर येतच असते.

२१/
अशा वेळी काय करावे, हे कायदा सांगतो. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. सापडणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा हक्कही याच कायद्याने मान्य केला आहे. कायद्याच्या आधी करायच्या गोष्टी त्याहून सोप्या आहेत : वस्तू जागची हलवू नये, ती घासूनपुसून चकचकीत करू नये, शेजारचे खापराचे तुकडे फेकू नयेत, आणि मोबाईल हाताशी असेलच तर आधी जागेचे छायाचित्र घ्यावे, मग वस्तूचे.

२२/
आता ओतीव वाहनांचा निकाल द्यायचा तर तो असा. आधुनिक डाय-कास्ट स्पोर्ट्स कार : प्रमाणात अचूक, चाके उत्तम, तळ वाचनीय, खोके शाबूत, वय वादातीत. दायमाबादचा रथ : ओतकाम अजोड, रेषा जिवंत, कुत्र्याचा तपशील अविस्मरणीय, तळ कोरा, खोके हरवलेले, वय वादग्रस्त. कारागिरीत रथ कित्येक पटींनी सरस. तरीही वीतभर गाडीबद्दल तिचा मालक जे छातीठोकपणे सांगू शकतो, ते रथाबद्दल भल्या भल्या पुरातत्त्वज्ञांना सांगता येत नाही.

२३/
म्हणून ढाणकीतल्या किंवा कुठल्याही गावातल्या नव्या संग्राहकाने पहिली गाडी आली की एक वही घालावी. गाडी कोणती, कोणत्या सालची, कोणाकडून आली, केव्हा आली, तळावर काय लिहिले आहे, हे पहिल्या पानावर उतरवावे. त्याच वहीच्या शेवटच्या पानावर आपल्या शिवारात कोणत्या गटात, किती खोलीवर, काय सापडल्याचे घरातली वडीलधारी मंडळी सांगतात, तेही लिहून ठेवावे. दोन्ही नोंदींची सवय एकच आहे.

(थ्रेड समाप्त)